पाणकावळ्याचे पहिले वर्ष

आश्विन सरत आला, म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या पठारावर सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली असते, तुरीला फुलोरा धरू लागलेला असतो, आणि पाऊस बरा झालेल्या साली धरणे व गावतळी, रब्बीचे पाणी सुटण्यास अद्याप अवधी असल्यामुळे, तुडुंब भरून उभी असतात. अशा वेळी जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात पाण्याबाहेर माथा काढून राहिलेल्या एखाद्या वाळल्या बाभळीकडे दृष्टी टाकली, तर पंख पसरून बसलेल्या काळ्याभोर पाणकावळ्यांच्या रांगेत काही पक्षी असे आढळतात, की ज्यांचा वर्ण काळा नसून मळकट तपकिरी असतो, ज्यांचा गळा पांढुरका असतो आणि ज्यांच्या छातीवर फिकट व गडद रंगांची अनियमित सरमिसळ झालेली असते. नवखा निरीक्षक येथे हटकून थबकतो. हातातल्या पुस्तकात असा पक्षी त्याला सापडत नाही, कारण पुस्तकातील चित्र बहुधा विणीच्या ऐन बहरातील प्रौढ पक्ष्याचे असते. मग तो पक्षी कोणा निराळ्या जातीचा, कदाचित दुर्मीळही असावा, अशी त्याची समजूत होते. वास्तविक ती त्याच पावसाळ्यात जन्मलेली पिले होत.

या पठाराची जलरचना आधी ध्यानात घेतली पाहिजे. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु इंग्रजी अमदानीच्या वऱ्हाडात बाशीम या नावाचा स्वतंत्र जिल्हा होताच, व तो १९०५ साली मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात सामील करण्यात आला होता. त्याहून मागे गेल्यास हेच वाकाटकांच्या एका शाखेचे राजधानीचे नगर वत्सगुल्म. हा मुलूख दोन महानद्यांच्या खोऱ्यांमधला बांध आहे: येथून निघालेली काटेपूर्णा उत्तरेस उतरून पूर्णेला व तिच्या द्वारे तापीला मिळते, तर पैनगंगा, अडाण आणि अरुणावती यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यात जाते. बांधाच्या माथ्यावर पाणी ठरत नाही. म्हणून येथे मोठे नैसर्गिक सरोवर नाही, आणि उन्हाळ्यात ओढे-नाले कोरडे पडतात. एकबुर्जी, सोनल आणि अडाण हे तीन मध्यम प्रकल्प, त्यांच्या जोडीला असंख्य लहान तलाव आणि पैनगंगेवरील बंधारे, एवढाच पाणपक्ष्यांचा येथील आधार. वाशीम शहराच्या नळाला जे एकबुर्जीचे पाणी येते, त्याच पाण्यावर पाणकावळ्यांची पिले पोसली जातात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण माणसाने स्वतःच्या निकडीसाठी अडविलेल्या पाण्याने या पठारावर एक नवी जीवसृष्टी वसविली आहे, आणि तिची नीट मोजदाद ठेवणे हे काठच्या माणसांचेच काम आहे.

भारतात पाणकावळ्यांच्या तीन जाती सर्वत्र परिचित आहेत. लहान पाणकावळा हा त्यांतील सर्वांत सामान्य, सुमारे ५१ सेंटिमीटर लांबीचा. गावतळ्यापासून धरणापर्यंत कोठेही, एकटा किंवा थव्याने, तो दिसावयाचा. भारतीय पाणकावळा सुमारे ६३ सेंटिमीटर भरतो आणि त्याला मोठे, पसरलेले पाणी अधिक मानवते. तिसरा मोठा पाणकावळा, ८० ते १०० सेंटिमीटरपर्यंतचा, वजनाने दोन-अडीच किलोचा, बदकांहून थोराड. तो मोठ्या जलाशयांवर पाहावयाचा पक्षी. या तिघांच्या सोबतीस, त्यांच्याशी दुरून सहज गफलत व्हावी असा, पण कुळाने निराळा असलेला चौथा पक्षी म्हणजे तिरंदाज, ज्याला त्याच्या मानेवरून सापमान्या असेही म्हणतात. लिनिअसने मोठ्या पाणकावळ्याचे शास्त्रीय वर्णन १७५८ साली केले, पेनंटने तिरंदाजाचे १७६९ साली, व्हिएयोने लहान पाणकावळ्याचे १८१७ साली आणि स्टीफन्सने भारतीय पाणकावळ्याचे १८२६ साली. लहान व भारतीय या दोन जाती कित्येकदा एकाच झाडावर बसतात, आणि अंतरावरून पाहता दोन्हींचा एकच काळा आकार होतो. त्यामुळे प्रौढ पक्षी ओळखतानाही चूक होते, मग पिलांची गोष्ट काय सांगावी!

पिलाची ओळख घरट्यापासूनच करून घेतलेली बरी. दक्षिणेत ईशान्य मोसमी पावसाच्या प्रदेशात लहान पाणकावळ्याची वीण नोव्हेंबरनंतर होते. आपल्याकडे मात्र ती नैर्ऋत्य मोसमी पावसाशी बांधलेली आहे, कारण त्याच काळात तळ्यांच्या उथळ, नव्याने बुडालेल्या काठांवर लहान मासळीची पैदास होते आणि वाढत्या पिलांच्या तोंडी देण्याजोगे अन्न मुबलक मिळते. पाण्यातल्या बाभळीवर किंवा गावाजवळच्या चिंचेवर, बगळे, ढोकरी आणि रातबगळे यांच्या शेजारात, काटक्यांची ओबडधोबड घरटी दाटीवाटीने बांधलेली असतात. मादी दोन ते सहा फिकट निळसर-हिरवी अंडी घालते, ज्यांवर खडूसारखा पांढरा थर असतो; नर व मादी आळीपाळीने ती उबवितात, आणि पंधरा ते एकवीस दिवसांत पिले बाहेर येतात. ही पिले जन्मतः आंधळी व उघडी असतात. पुढे त्यांच्या अंगावर काळी लव येते, पण डोके बराच काळ उघडेच राहते व तांबूस दिसते. ते पाहून अजाणत्याला हे पाखरू आजारी असावे असे वाटते. येथेच पहिला भेद करता येतो, आणि तो निःसंशय आहे: पाणकावळ्याच्या पिलाची लव काळपट, तर तिरंदाजाच्या पिलाची लव शुभ्र पांढरी. एकाच झाडावर दोन्ही घरटी असली, तरी दुर्बिणीतून पाहणाऱ्याला शंकेचे कारण उरत नाही. आई-बाप चारा आणतात तो चोचीत धरून नव्हे, अन्ननलिकेत साठवून. पिलू आपले डोके थेट त्यांच्या घशात खुपसून अर्धवट पचलेली मासळी काढून घेते. उन्हाच्या तलखीत पिले तोंड उघडी टाकून गळ्याची कातडी थरथरवितात. तो क्षुधेचा विलाप नसून शरीर निवविण्याचा उपाय आहे.

सुमारे महिन्याभरात लहान पाणकावळ्याची पिले घरटे सोडतात. मोठ्या पाणकावळ्याचे काम सावकाशीचे. त्याची अंडी उबण्यासच चार आठवडे लागतात व पिलू उडू लागेपर्यंत आणखी सुमारे पन्नास दिवस जातात. पावसाच्या ऐन भरात घातलेल्या अंड्यांचा हा हिशेब मांडला, तर दिवाळीच्या सुमारास येथील पाण्यावर लहान पाणकावळ्याची स्वतंत्र झालेली पिले इतकी का दिसतात, याचा उलगडा होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पाणकावळ्याचा रंग त्याचे वय आणि ऋतू सांगतो, जात सांगत नाही. जात सांगते ती त्याच्या शरीराची घडण. विणीच्या काळात लहान पाणकावळ्याचे अंग हिरवट झाक असलेले तकतकीत काळे असते, मस्तकाच्या बाजूंस बारीक पांढरी पिसे उगवतात. वीण संपताच ती गळतात, तकाकी उतरते आणि हनुवटीखाली पांढरा डाग येतो. म्हणजे कार्तिकात प्रौढ पक्षीही थोडासा पिलासारखा होतो, आणि केवळ पांढरा गळा पाहून ‘हे पिलू’ असा निवाडा करणारा फसतो. प्रौढाची पांढरी खूण हनुवटीपुरती असते, त्याची छाती व पोट काळेच राहते. पिलाचा पांढुरकेपणा गळ्यावरून खाली पसरत जातो, मानेची पुढली बाजू व छाती फिकट तपकिरी होते, पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात. याखेरीज एक बारकावा आहे, जो दुर्बिणीच्या व धीराच्या साह्याने पाहता येतो. पिलाची सगळी पिसे एकाच वेळी उगवलेली, म्हणून एकसारखी ताजी. प्रौढाच्या पंखात मात्र नवी काळी पिसे आणि जुनी, उन्हाने विटलेली, झिजलेली पिसे शेजारी शेजारी असतात.

वय ठरले, तरी जात ठरावयाची राहतेच, आणि तेथे चोच व कपाळ यांच्याकडे गेले पाहिजे. लहान पाणकावळ्याची चोच आखूड व बुटकी, डोक्याच्या लांबीहून स्पष्टपणे कमी. कपाळ चोचीच्या मुळाशी एकदम उभे चढते, त्यामुळे मस्तक काहीसे चौकोनी दिसते. मान आखूड, शेपूट देहाच्या मानाने लांब. भारतीय पाणकावळ्याची चोच सडपातळ व लांब, जवळजवळ डोक्याइतकी, टोकाशी आकड्यासारखी वळलेली; कपाळ उतरते, चोचीची रेषा तशीच चढत माथ्यावर जाते. प्रौढाचा डोळा निळसर-हिरव्या रत्नासारखा चमकतो, परंतु कोवळ्या पिलात तो तसा भरलेला नसतो, म्हणून डोळ्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. भारतीय पाणकावळ्याचे पिलू खालून तपकिरी-पांढरे, चट्ट्याचट्ट्यांचे असते, आणि लहान पाणकावळ्याच्या पिलाहून बरेचदा अधिक फिकट दिसते. पण हा ‘बरेचदा’ शब्द ध्यानात ठेवावा, कारण पिलांच्या रंगात व्यक्तिगत फरक पुष्कळ असतात. आणखी एक सावधगिरी घ्यावी: नुकत्याच घरटे सोडलेल्या पिलाची चोच व शेपूट पुरती वाढलेली असतेच असे नाही. आई-बापांच्या मागे लागून, पंख फडफडवीत, चारा मागणारे पिलू दिसले, तर त्याची चोच मोजण्यापेक्षा ते ज्याच्या घशात डोके घालते आहे, त्या प्रौढाची चोच पाहावी. पिलाच्या जातीचा याहून खात्रीचा पुरावा नाही.

मोठा पाणकावळा आकारानेच उठून दिसतो, परंतु तुलनेला दुसरा पक्षी शेजारी नसेल तर आकाराचा अंदाज पाण्यावर फार चुकतो. त्याची मान जाड, चोच भक्कम, चोचीच्या मुळाशी व गळ्यापाशी पिवळ्या उघड्या कातडीचा रुंद पट्टा. प्रौढाला विणीच्या काळात मांडीवर पांढरा ठसा व मस्तक-मानेवर रुपेरी पांढरी पिसे येतात. पिलाला यांतले काही नसते. त्याचे पोट मळकट पांढरे असते, काहींचे जवळजवळ शुभ्र, काहींचे इतके गडद की प्रौढच वाटावे. या जातीला पूर्ण प्रौढ वेष चढण्यास सुमारे तीन वर्षे लागतात, म्हणून मधल्या वर्षांतील पक्षी पोटाशी निरनिराळ्या प्रमाणात पांढरे-काळे मिसळलेले दिसतात. दुरून पांढरे पोट दिसले म्हणजे तो भारतीय पाणकावळाच, असा घाईचा निष्कर्ष काढण्यापूर्वी मानेची जाडी व गालाचा पिवळा पट्टा अवश्य पाहावा. उडतानाही भेद कळतो: लहान पाणकावळा भराभर पंख मारीत जातो, मोठ्याची पंखांची फडक संथ व जड असते आणि त्याचे उडणे दुरून हंसकुळातील पक्ष्याची आठवण करून देते.

तिरंदाज आणि पाणकावळा यांचा घोटाळा होतो तो बसलेल्या अवस्थेत, कारण दोघेही पंख पसरून वाळवितात. पाणकावळ्याच्या पिसांचा बाहेरचा भाग पाण्याने भिजतो व आतला भाग कोरडा राहतो. त्यामुळे अंगात हवा कमी अडकते, पाण्यात बुडी मारणे सोपे होते, आणि त्याची किंमत म्हणून बाहेर आल्यावर उन्हात बसावे लागते. तिरंदाजाची पिसे याहून अधिक भिजतात. पोहताना तो देह पाण्याखाली ठेवून केवळ मान वर काढतो. चोचीकडे पाहिले की वाद संपतो: पाणकावळ्याची चोच टोकाला आकड्याची, मासा पकडण्याची, तिरंदाजाची चोच सरळ, अणकुचीदार, कडांवर बारीक दाते असलेली, मासा भोसकण्याची. त्याच्या मानेच्या आठव्या मणक्यापाशी असा सांधा असतो, की मान दुमडून एकदम भाल्यासारखी पुढे फेकता येते. प्रौढाच्या पाठीवर रुपेरी रेघा असतात. पिलाला त्या पुसट असतात, डोके व मान फिकट तपकिरी असते, आणि म्हणून ते भारतीय पाणकावळ्याच्या पिलाशी तंतोतंत जुळते असे वाटू शकते. तथापि चोच, अत्यंत बारीक मान व पंख्यासारखी लांब शेपूट ही जन्मखूण वयाने बदलत नाही. आकाशात तिरंदाज पंख स्थिर ठेवून घारीसारखा घिरट्या घालतो, जे पाणकावळा क्वचितच करतो.

उरलेल्या शेजाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. टिबुकली बुड्या मारते व तिच्या चिमुकल्या पिलांच्या डोक्यावर पट्टे असतात, परंतु तिला शेपूट जवळजवळ नसतेच. वारकरी हा काळा व पांढऱ्या चोचीचा. त्याचे मोठे झालेले पिलू राखाडी, गळा व छाती पांढुरकी, आणि पोहताना पाठ फुगीर. पाणकोंबडीच्या तपकिरी पिलाच्या कुशीवर फिकट रेघ व शेपटीखाली पांढरे असते, शिवाय ते चालताना शेपूट झटकत राहते. पाणकावळा पोहताना देह बुडता, मान ताठ व चोच किंचित वर धरतो. ही मुद्रा एकदा मनात ठसली की टिबुकली वा वारकरी यांच्याशी त्याची गल्लत होत नाही. संध्याकाळी रांगेने परतणारे शराटी मात्र दूरवर पाणकावळ्यांसारखेच भासतात. त्यांची चोच खाली वाकलेली असते, पाणकावळ्याची तशी नसते. पिलांच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत वेगळ्याच कुळात होते: रातबगळ्याचे पिलू तपकिरी, अंगावर फिकट थेंबांचे, आणि त्याला ढोकरी समजणारे पुष्कळ आढळतात. उडताच ढोकरीचे पंख लख्ख पांढरे उघडतात, रातबगळ्याच्या पिलाचे तपकिरीच राहतात.

आपल्या परंपरेलाही पाण्यात बुडणारा हा पक्षी अपरिचित नव्हता. छांदोग्योपनिषदात सत्यकाम जाबालाला ब्रह्माच्या चार पादांचा उपदेश वृषभ, अग्नी, हंस आणि मद्गू यांनी केल्याची कथा आहे, आणि मद्गू म्हणजे पाण्यात राहणारा पक्षी असे शंकराचार्यांचे भाष्य आहे. अभ्यासक त्याची सांगड पाणकावळ्याशी किंवा त्याच्यासारख्या बुडणाऱ्या पक्ष्याशी घालतात. जपानात गिफू येथील नागारा नदीवर पाणकावळ्यांच्या साह्याने मासेमारी करण्याची पद्धत शतकानुशतके चालू आहे. आपल्याकडे मात्र मच्छीमार संस्थांच्या सभासदांची या पक्ष्याविषयी तक्रार असते, आणि ती क्षुल्लक समजून चालणार नाही, कारण तलावाचा ठेका घेऊन त्यात बोटुकली सोडणाऱ्या भोयाला प्रत्येक मासळीचे मोल असते. तरीही काठाच्या उथळ पाण्यातली लहान, बाजारात न खपणारी मासळी खाणारा लहान पाणकावळा आणि खोल पाण्यात मोठी मासळी धरू शकणारा मोठा पाणकावळा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. जाती वेगळ्या ओळखता आल्या, तरच नुकसानीचा वाजवी अंदाज करता येईल. सगळ्या काळ्या पक्ष्यांना एकच गुन्हेगार ठरविल्याने तो होत नाही.

सलीम अली यांनी १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील आपले प्रसिद्ध पुस्तक सिद्ध केले, आणि मराठीत मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोशाद्वारे पक्ष्यांना मराठी नावांचा भक्कम आधार दिला. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील दिवस महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून मान्य केले आहेत. हा सप्ताह दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि पाणकावळ्यांची पिले पाहण्यास याहून योग्य काळ वाशीमच्या पठारावर दुसरा नाही. पुढे रब्बीचे पाणी सुटते, पातळी खाली जाते, बुडीत क्षेत्रातली जमीन उघडी पडून गाळपेर सुरू होते, आणि पक्षी उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. तेव्हा संख्या मोजणे सोपे जाते, पण पिलांचा कोवळा रंग तोवर बराच मिटलेला असतो. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत जाती व संख्या नोंदल्या जातात. माझी विनंती अशी, की कार्तिकातील नोंदीत वयाचे एक सदर स्वतंत्र ठेवावे: एकूण किती, त्यांत तपकिरी छातीचे किती, कोणत्या पाण्यावर, आणि जात निश्चित नसेल तेथे ‘पाणकावळा, जात अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे. अनेक वर्षांच्या अशा नोंदींतून पावसाच्या मानाने कोणत्या साली येथे किती पिले वाढली, हे कळेल.

एवढे करताना विणीच्या झाडाखाली जाण्याचा मोह टाळला पाहिजे. माणूस जवळ आला की प्रौढ पक्षी उठून जातात, उघड्या डोक्याची पिले उन्हात पडतात, काही घाबरून घरट्याबाहेर सरकतात व पाण्यात कोसळतात, आणि कावळे व घारी याच संधीच्या प्रतीक्षेत असतात. धरणाच्या भिंतीवरून किंवा सांडव्याच्या बाजूने, सूर्य पाठीशी घेऊन, सकाळच्या पहिल्या प्रहरात पाहिले, तर चोच, कपाळ, गालाची कातडी व छातीचा रंग हे सगळे दुर्बिणीतून पुरेसे स्पष्ट दिसते.